बिऱ्हाड दोन चाकांवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. पण सुट्टी लागली की आपल्याच वर्गातील मित्र मोटारसायकलवर चार दिवसांचे बिऱ्हाड बांधून चिखलदऱ्याला, नागझिऱ्याला, कोणी थेट कोकणात जाण्याचे बेत करू लागतात. कोठे जायचे, कोणाची गाडी घ्यायची, पैसे किती लागतील, यांवर रात्र-रात्र चर्चा होते. सामान किती न्यायचे आणि ते गाडीवर कसे बांधायचे, यावर मात्र कोणी बोलत नाही. ते काम निघण्याच्या पहाटे पाच मिनिटांत उरकायचे, अशी सर्वांची समजूत असते.

वास्तविक सहलीतील सर्वांत महत्त्वाचे काम तेच आहे. गाडी वळणावर घसरली म्हणजे आपण खड्ड्याला, वाळूला किंवा समोरच्या ट्रकला दोष देतो. पण कित्येकदा त्या घसरण्याची सुरुवात घरच्या अंगणात, दोर आवळतानाच झालेली असते. आमच्या घरची मोटारसायकल रोज सकाळी वर्ध्याला दूध नेते. त्यामुळे दोन चाकांवर वजन कसे ठेवावे हे मी वडिलांकडे पाहून शिकलो. त्यामागची कारणे पुढे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडली. या दोन्हींची सांगड घालून हा विषय मित्रांपुढे ठेवीत आहे.

पहिला प्रश्न, वजन किती? प्रत्येक गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात ती जास्तीत जास्त किती भार वाहू शकते ते छापलेले असते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या शंभर सी.सी.च्या गाड्यांचा हा आकडा 130 किलोच्या आसपास असतो. या 130 किलोंत चालवणारा, मागे बसणारा आणि सामान, सगळे आले. आता दोन सडपातळ विद्यार्थी घेऊ. हेल्मेट, बूट आणि अंगावरचे कपडे धरून एकाचे वजन 62 किलो आणि दुसऱ्याचे 53 किलो. बेरीज 115. म्हणजे सामानासाठी उरले फक्त 15 किलो!

आणि सामान तर पाहा. लहान तंबू किंवा ताडपत्री 3 किलो, दोन चादरी 2 किलो, दोघांचे कपडे 3, स्टोव्ह आणि भांडी 3, शिधा 3, पाणी 4, हत्यारे, जादा ट्यूब आणि हातपंप 3, विजेरी, औषधे, दोर, मोबाईलची पॉवर बँक वगैरे किरकोळ 1. एकूण 22 किलो. यात चैनीची एकही वस्तू नाही, तरीही गाडी 7 किलोंनी जड झाली. यावर मार्ग दोनच. एक तर प्रत्येकाने आपापली गाडी न्यावी, म्हणजे तंबूसह सगळे सामान सुखाने जाते. ते परवडत नसेल तर वजन उतरवावे. काय उतरवायचे ते पुढे पाहू.

दुसरा प्रश्न, वजन कोठे? येथे थोडे गणित आहे, पण ते तरफेचे साधे गणित आहे. अशा गाडीच्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर सुमारे 120 सेंटिमीटर असते. समजा, 20 किलोची पिशवी आपण मागच्या कॅरिअरवर अशी बांधली की तिचा मध्य मागच्या आसाच्या 30 सेंटिमीटर मागे गेला. 20 गुणिले 30, भागिले 120, म्हणजे 5. पुढच्या चाकावरचा भार 5 किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकावर 20 ऐवजी 25 किलो येतात. मागचा आस हा टेकू, पिशवी एका टोकाला आणि पुढचे चाक दुसऱ्या टोकाला. पुढचे चाक हलके झाले की हँडल रस्त्याला धरत नाही आणि पुढचा ब्रेकही नीट लागत नाही. तीच पिशवी आसाच्या 30 सेंटिमीटर पुढे आली तर पुढच्या चाकावर 5 आणि मागच्यावर 15 किलो पडतात. सामान तेच, पण गाडी वेगळी वागते. म्हणून जड वस्तू शक्य तेवढ्या पुढे, चालकाच्या पाठीजवळ हव्यात. मागे टोकाला फक्त हलके अंथरूण.

वजन जितके उंच तितकी गाडी डोलते. उतरंडीसारखी रचलेली पिशव्यांची चळत सरळ रस्त्यावर उभी राहते, वळणावर मात्र गाडीला खाली ओढते. हत्यारे, पाणी, शिधा या वस्तू सीटच्या पातळीखाली दोन्ही बाजूंना लटकवाव्यात. जड पिशवी पाठीवर घेऊन गाडी चालवणे तर सर्वथा टाळावे. खांदे तासाभरात भरून येतात आणि पडल्यास त्या पिशवीचा मार पाठीच्या कण्याला बसतो.

दोन्ही बाजूंना सारखे वजन हा नियम आपल्या लोकांना नवा नाही. कावड हेच शिकवते. घोड्यावर टाकायची पडशी दोन तोंडांची असे ती याचसाठी. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन याच मुलखातून जात, तेव्हा बैलाच्या पाठीवरची गोणी दोन्हीकडे सारखी भरलेली असे. मोटारसायकल हा नवा बैल आहे, एवढाच फरक. वडिलांच्या गाडीला दोन्हीकडे दुधाचे कॅन असतात. एका घरी डावीकडच्या कॅनमधून दूध घातले की पुढच्या घरी ते उजवीकडच्यातून घालतात. मागे एकदा कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "एकाच अंगानं रिकामी केली तं गाडी त्या अंगानं रुसते." अर्धवट भरलेला कॅन पूर्ण भरलेल्यापेक्षा अधिक त्रास देतो, कारण आतले दूध हिंदकळते. पाण्याच्या कॅनलाही हेच लागू आहे. म्हणून एका मोठ्या कॅनऐवजी एक-एक लिटरच्या बाटल्या न्याव्यात आणि दोन्ही बाजूंच्या आळीपाळीने संपवाव्यात.

आता बांधणे. बाजारात आकडे लावलेले लवचीक पट्टे मिळतात. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्याही चांगल्या असतात. त्या फुकट मिळतात आणि सामानाला घट्ट धरतात. पण उन्हाने रबर तडकते, म्हणून प्रत्येक वेळी पट्टी ताणून पाहावी. जड सामानाला मात्र साधा दोरच हवा आणि तोही सीटला नव्हे, तर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला किंवा कॅरिअरला बांधावा. "दोर तुटत नाही रे, ढिला पडते," हे वडिलांचे वाक्य मी प्रत्येकाला सांगेन. पिशवीतले सामान गचक्यांनी खाली बसते आणि दोराला जागा होते. त्यामुळे निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून सगळ्या गाठी पुन्हा आवळाव्यात आणि नंतर प्रत्येक चहाला हात लावून पाहाव्यात. दोराचे लोंबते टोक चेनमध्ये किंवा चाकात गेले तर चाक जागीच अडकते. मागे बसणाऱ्याची ओढणी, पदर, उपरणे यांनाही तोच धोका आहे. ते अंगाशी घट्ट खोचलेले हवे. सायलेन्सरपासून पिशवी वीतभर दूर असावी, आणि मागचा दिवा, इंडिकेटर व नंबर झाकले जाऊ नयेत.

सामान भरताना शेवटी लागणारी वस्तू तळाशी आणि प्रथम लागणारी वर, एवढे ध्यानात ठेवावे. रेनकोट, कागदपत्रे, औषधे आणि पंक्चरचे सामान हाताशी हवे. अंधारात पंक्चर झाल्यावर पाना शोधण्यासाठी सगळे बिऱ्हाड रस्त्यावर मांडण्यासारखे दुःख नाही. वस्तूत वस्तू कशी बसवावी, याचा उत्तम धडा आपल्याला सेवाग्राममध्येच मिळतो. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या प्रयोगांतून आकाराला आलेला पेटी चरखा आपण पाहिला असेल. उभ्या चरख्याचे मोठे चाक प्रवासात नेता येत नाही. म्हणून त्याच्या जागी एक मोठी आणि एक लहान अशी दोन आडवी चाके आली. मोठे चाक लहानाला फिरवते आणि लहान चाक चातीला. काम संपले की चाती आपल्या खाचेत जाते, झाकण मिटते आणि पेटी हातात धरून चालू लागता येते. त्यात एकही जागा वाया गेलेली नाही. भातात पेला, पेल्यात काडेपेटी, बुटांत मोजे, ही आपली पेटी.

निघण्याआधी गाडीकडेही पाहावे. मागे कोणी बसले किंवा सामान लादले तर मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते. तो आकडा गाडीच्या पुस्तकात वेगळा दिलेला असतो. हवा सकाळी टायर थंड असताना भरावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा तापलेल्या टायरमध्ये मोजलेली हवा फसवी असते. मागच्या शॉकॲबसॉर्बरला कडक करण्याचे टप्पे असतात, ते वाढवावेत. मागची बाजू दबली की पुढच्या दिव्याचा झोत वर उचलला जातो. रस्ता अंधारात राहतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. तोही खाली वळवून घ्यावा. क्लचची जादा तार, प्लग, प्लगचा पाना, चेनचे लॉक आणि चिकटपट्टी या वस्तूंचे वजन अर्धा किलोही भरत नाही, पण निर्मनुष्य रस्त्यावर त्यांची किंमत कळते. आमच्या काळ्या मातीच्या मुलखात आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे हाताच्या पंजाएवढी चपटी फळी. लादलेली गाडी स्टँडवर लावली की स्टँड मातीत रुततो आणि गाडी आडवी होते. फळी खाली ठेवली तर तसे होत नाही. पावसाळ्यात तर लादलेली गाडी शेतवाटेने घालूच नये. काळा चिखल मडगार्डमध्ये भरून चाक बांधून टाकतो.

उदाहरणादाखल सेवाग्रामहून चिखलदरा घेऊ. वर्धा, आर्वी, तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा असा रस्ता आहे. जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहे, तेव्हा त्याचा विचार सोडावा. परतवाड्यापुढे घाट लागतो. चढावर गाडीचे नाक वर होते आणि वजन आणखी मागे सरकते. मागे टोकाला जड पिशवी असेल तर येथे हँडल हलके लागू लागते. उतरताना लहान गिअर ठेवावा, नाहीतर लादलेल्या गाडीला केवळ ब्रेकवर धरताना ब्रेक तापतात. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून स्वेटर वर ठेवावा. आणि हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे. मनाला येईल तेथे तंबू ठोकणे किंवा चूल पेटवणे येथे चालत नाही. उन्हाळ्यातली एक ठिणगी पानगळीच्या जंगलाला पुरते.

येथेच मघाच्या 7 किलोंचे उत्तर मिळते. तंबू घरी ठेवला तर 3 किलो उतरले. स्टोव्ह आणि भांडी ठेवली तर आणखी 3. पाणी वाटेत भरून घ्यायचे ठरवले तर 2. उरले 14 किलो, दोघांसह 129. गाडी आपल्या मर्यादेत आली! पण मग झोपायचे कोठे? धर्मशाळेत, भक्तनिवासात, देवळाच्या सभामंडपात, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना विचारून शाळेच्या ओसरीवर. जेवायचे कोठे? खानावळीत, आणि सोबतच्या भाकरी-चटणीवर. तंबू नेणारा माणूस गावाबाहेर उतरतो. तंबू न नेणाऱ्याला गावात जाऊन विचारावे लागते. त्याला आपले नाव, गाव आणि कामधंदा सांगावा लागतो, समोरच्याचा ऐकावा लागतो. 1951 साली विनोबा आपल्या शेजारच्या पवनारहून तेलंगणाकडे पायी निघाले. ते मुक्कामाला गावातच उतरत होते, आणि भूदानाची कल्पना अशाच एका गावात, पोचमपल्लीला, गावकऱ्यांशी बोलताना निघाली. आपली सहल एवढी मोठी नसते, पण गावात उतरण्याचा लाभ तिलाही होतो.

परदेशी प्रवाशांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक 1974 मध्ये आले. तत्त्वज्ञानाच्या या पुस्तकात मोटारसायकलवर नेलेल्या कपड्यांची, भांड्यांची आणि हत्यारांची सविस्तर यादी आहे. ती तेथे कशाला, असे प्रथम वाटते. पण यादी करणे म्हणजे आपल्याला खरोखर काय लागते हे स्वतःला विचारणे, आणि तत्त्वज्ञानही याहून फार वेगळे काही विचारीत नाही.

बापूकुटीत आपण सर्वजण पाहुण्यांना घेऊन जातो. तेथील मोजक्या वस्तू पाहून पाहुणे म्हणतात, "एवढ्यात कसे भागत असेल?" माझ्या पिढीतील पुष्कळांच्या घरी वस्तू कमी होत्या, त्या तत्त्व म्हणून नव्हे, तर मिळत नव्हत्या म्हणून. त्यामुळे साधेपणाचे कौतुक करताना मला थोडा संकोच वाटतो. पण प्रवासाला महागडे सामान लागते, म्हणून तो पैसेवाल्यांचाच छंद, ही समजूत मात्र 130 च्या आकड्यापुढे टिकत नाही. पैसेवाल्याच्या गाडीलाही मर्यादा आहे आणि त्याच्याही पुढच्या चाकाला रस्ता धरावा लागतो. घरात एकच गाडी असेल आणि परतल्यावर तीच सकाळी दुधाला जायची असेल, तर ती मर्यादा पाळणे अधिकच गरजेचे.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत निघण्याच्या आदल्या दिवशी एवढेच करा. वजनकाट्यावर एकदा नुसते आणि एकदा पिशव्या घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. आकडा जास्त आला तर काहीतरी घरी ठेवा. हेल्मेट ठेवू नका.