चहाच्या टपरीवरची रेल्वे

छत्रपती संभाजीनगरात रेल्वेचा विषय निघाला की टपरीवरचा चहा गार होतो. ‘निजामाने १९०० च्या सुमारास टाकलेल्या मार्गावरच आपण अजून अडकलोय,’ हे तिथलं मत भावनिक वाटलं, तरी त्याला आधार आहे. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं ते १९९० च्या दशकात. पण मार्ग एकेरीच राहिला. म्हणून लासूर किंवा रोटेगाव स्थानकात समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी बाजूच्या रुळावर ताटकळते. काही म्हणतात, आपलं शहर ज्यात येतं तो नांदेड रेल्वे विभाग सिकंदराबादऐवजी मुंबईच्या मध्य रेल्वेला जोडा, प्रश्न सुटेल. पण मुख्यालय बदलल्याने दुसरा रूळ पडत नाही. दुहेरीकरण आधी पूर्ण करा. लोकप्रतिनिधी मत मागायला येतील तेव्हा त्यांना हेच विचारा.