दुसरी चावी कुठे आहे?

जुनी गाडी घेताना आपल्याकडे इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर पाहतात, पत्र्यावर बोट वाजवून पुट्टी शोधतात आणि मीटरवरचे किलोमीटर खरे की खोटे यावर तासभर वाद घालतात. सौदा ठरतो, पैसे मोजले जातात आणि चावी हातात येते. ती एक आहे की दोन, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. नवी गाडी देताना कंपनी साधारणपणे दोन चाव्या देते. मग जुन्या गाडीबरोबर एकच चावी मिळाली तर दुसरी गेली कुठे?

आमच्या वाचकांत टॅक्सी आणि टेम्पो चालविणारे बांधव आहेत, गॅरेजवाले आहेत, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे आहेत आणि चौकात बसून चाव्या बनविणारेही आहेत. हा प्रश्न या सर्वांच्या रोजीरोटीशी निगडित आहे, म्हणून आम्ही तो थोडा सविस्तर मांडत आहोत.

चावीच्या डोक्यातली चिप

पूर्वी चावी म्हणजे पितळेचा किंवा लोखंडाचा कापलेला तुकडा. हरवली तर चावीवाला कानशीने घासून दुसरी देत असे. आता बहुतेक मोटारींच्या चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक लहानशी चिप असते. कुलपाभोवती तारेचे एक कडे बसविलेले असते. चावी फिरविली की या कड्यातून चिपला वीज मिळते व चिप आपला गुप्त क्रमांक सांगते. गाडीच्या इमोबिलायझरला तो क्रमांक ओळखीचा वाटला तरच इंजिन चालू राहते. चावीचे दात बरोबर असूनही चिप नसेल तर स्टार्टर फिरेल, पण गाडी निघणार नाही. काही गाड्या क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडतात.

या चिपला स्वतःचा सेल नसतो. चावीवरच्या बटणाने दरवाजे उघडतात त्यासाठी जो सेल असतो, तो वेगळा. म्हणून बटण बंद पडले तरी गाडी सुरू होते. बटण चालत नाही म्हणून घाबरून नवी चावी करण्याआधी सेल बदलून पाहावा.

ही व्यवस्था आली ती चोरांमुळे. युरोपात १९९० नंतर मोटारचोरी फार वाढली, तेव्हा विमा कंपन्या व सरकारांनी ती गाडीत बसविण्याचा आग्रह धरला. युरोपात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, कॅनडात २००७ मध्ये. आपल्याकडे मारुतीने ती ‘आयकॅट्स’ या नावाने दिली आणि हळूहळू साध्या मोटारींतही ती आली. आता काही स्कूटरही बिनदातांच्या स्मार्ट चावीने मिळू लागल्या आहेत.

आपल्या गाडीला चिप आहे का, हे ओळखणे सोपे आहे. डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकत असेल तर समजावे की आहे. आणखी एक कसोटी म्हणजे चावीच्या डोक्याला स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा कागद घट्ट गुंडाळून गाडी सुरू करून पाहणे. सुरू झाली नाही तर चावीत चिप आहे.

एक असताना, एकही नसताना

एक चावी हातात असताना दुसरी करणे हे थोड्या वेळाचे काम आहे. एकही चावी उरली नाही तर तेच काम डोंगराएवढे होते. गाडी टो करून न्यावी लागते किंवा कारागिराला गाडीपाशी बोलवावे लागते. दात नव्याने काढावे लागतात. गाडीचा गुप्त कोड मिळवावा लागतो, आणि तो सहज मिळाला नाही तर इमोबिलायझरची पेटी उघडावी किंवा बदलावी लागते. साध्या चावीचा खर्च शेकड्यांत असतो, चिपच्या चावीचा हजारांत, आणि सर्व चाव्या हरविलेल्या गाडीचा त्याच्या कितीतरी पट.

यात गाडी उभी राहिल्याचे नुकसान धरलेले नाही. समजा, एका टॅक्सीचालकाला खर्च वजा जाता दिवसाला १२०० रुपये सुटतात. चावी यायला दहा दिवस लागले तर १२,००० रुपये गेले. घरखर्च आणि मुलांची फी मात्र त्या दहा दिवसांसाठी थांबत नाही. ज्याच्याकडे एकच गाडी आणि एकच चावी आहे, त्याचा सगळा संसार त्या एका चावीला अडकविलेला आहे. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की जुनी गाडी घेतल्यावर सीट कव्हर आणि टेपपेक्षा आधी दुसरी चावी करून घ्या. पहिली चालू आहे तोवरच हे काम स्वस्त आहे.

काम करण्याच्या दोन वाटा

पहिली वाट कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची. तेथे आर.सी. आणि मालकाचे ओळखपत्र मागतात. चावी मागवावी लागते, त्यामुळे काही दिवस थांबावे लागते. जुन्या गाडीच्या मालकाची येथेच अडचण होते. गाडी घेतलेली असते, पण आर.सी. अजून आधीच्या मालकाच्या नावावर असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार गाडी विकल्यावर विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. ‘नाव काय, होईल सावकाश’ असे म्हणून वर्षभर गाडी चालविणाऱ्याला चावी हरविल्यावर आधीच्या मालकाच्या दारात जावे लागते. म्हणून नाव आधी, चावी लगेच त्यामागून.

दुसरी वाट बाजारातील चावीवाल्याची. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड किंवा पुण्यात नाना पेठ, अशा मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारांत आणि त्यांच्या आसपास हे काम जाणणारे कारागीर सापडतात. त्यांच्याकडे काम दोन प्रकारे होते. एक म्हणजे नक्कल. जुन्या चिपमधील माहिती कोऱ्या चिपवर उतरविली जाते. गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. दुसरा प्रकार नोंदणीचा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडून नवी चावी गाडीच्या यादीत चढविली जाते. नक्कल लवकर होते, पण मूळ चावी पुढे यादीतून काढली तर तिची नक्कलही बाद होते. नोंदणीत जुन्या चाव्या काढून टाकता येतात. आपल्याला काय हवे आहे आणि चावीवाला काय करून देणार आहे, हे पैसे ठरविताना स्पष्ट विचारावे.

नोंदणी करताना गाडीची बॅटरी चांगली हवी. मध्येच वीज कमी पडली तर काम बिघडते. घरी असलेल्या सर्व चाव्या सोबत न्याव्या, कारण अनेक गाड्यांत त्या वेळी समोर नसलेली चावी यादीतून निघून जाते. नवी चावी तपासताना जुनी दूर ठेवावी. दोन्ही एकाच कडीत असतील तर जुनीची चिप वाचली जाऊन नवी चालते असा भास होतो. नवी चावी दरवाजा, डिकी आणि इंजिन अशा तिन्ही ठिकाणी लावून पाहावी व इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. त्यानंतरच पैसे द्यावेत.

जुन्या मालकाजवळची चावी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुसरी चावी खरोखरच हरविली असेल तर ती नाल्यात पडली असेल किंवा एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या खिशात असेल. ती जिथे असेल तिथे चालू आहे. एखाद्या रात्री ती चावी घेऊन कोणी गाडी घेऊन गेला तर कुलूप तुटलेले दिसणार नाही की काच फुटलेली दिसणार नाही. चोरीचा दावा करताना विमा कंपन्या गाडीच्या सर्व चाव्या मागतात. एकच दाखविता आली तर प्रश्न सुरू होतात. म्हणून एकच चावी मिळाली असेल तर दुसरी हरविली आहे असे विकणाऱ्याकडून विक्रीच्या कागदावर लिहून घ्यावे. पुढे आपल्या हातून हरविली तर पोलिसांत हरविल्याची नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी.

यादीतून काढलेल्या चावीने इंजिन सुरू होत नाही, पण तिचे दात दरवाजा उघडू शकतात. मौल्यवान माल वाहणाऱ्यांनी कुलपेही बदलावीत. नव्या गाडीबरोबर चावीचा क्रमांक कोरलेली एक लहान पट्टी मिळते. विकणाऱ्याकडे ती असेल तर आग्रहाने मागून घ्यावी. पुढे हाच क्रमांक दात कापण्याच्या कामी येतो.

हप्ते थकल्याने फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या आणि लिलावात विकल्या जाणाऱ्या गाड्यांबाबत अधिक सावध राहावे. अशा गाड्यांना कधी एक चावी असते, कधी एकही नसते. बोली लावण्यापूर्वीच चावीचा खर्च हिशेबात धरावा.

सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांना येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. ‘दुसरी चावी घरी आहे, उद्या पाठवतो’ हे वाक्य या बाजारात रोज ऐकू येते, आणि तो उद्या कित्येकदा उगवत नाही. यात फार मोठे पाप आहे असे बोलणाऱ्यालाही वाटत नसते. पण चावी नाही हे ठाऊक असताना ती आहे असे सांगणे म्हणजे मालातील ऐब लपविणेच होय. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, तेव्हा ते वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ओले धान्य विकू नको असे त्यांनी म्हटले नाही. ते लोकांना दिसेल असे ठेव, असे सांगितले. चावीचेही तसेच आहे. एक चावी कमी असलेली गाडी विकण्यात काही गैर नाही. ते आधी सांगावे आणि किंमत तेवढी कमी करावी. इस्लामी फिकहमध्ये लपविलेला दोष सापडल्यावर सौदा मोडण्याचा जो हक्क गिऱ्हाइकाला दिला आहे, त्याच्यामागेही हाच न्याय आहे. हजार-दोन हजार रुपये वाचविणारा व्यापारी ते गिऱ्हाईक आणि त्याच्या ओळखीची दहा गिऱ्हाइके गमावतो. बरकत उठते ती अशीच.

चावीवाल्यांनी काय करावे

छत्री, कानस आणि चाव्यांचा जुडगा एवढ्या भांडवलावर बसणाऱ्या कारागिराचे काम चिपमुळे कमी होत आहे, हे खरे आहे. पण चिपच्या चावीत मजुरी अधिक आहे आणि जाणकार थोडे आहेत. मशीन एकट्याला झेपत नसेल तर दोघा-तिघांनी भागीदारीत घ्यावे. त्यासाठी व्याजाचे कर्ज काढण्याची गरज नाही. घरातल्या शिकलेल्या मुलाला इंग्रजी मेनू वाचता येतो. त्याला जोडीला घ्यावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. आर.सी. आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणाचीही चावी करू नये. आर.सी.वरील चेसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. तारीख, गाडी क्रमांक, नाव आणि सही यांची एक वही ठेवावी व कागदांच्या प्रती जपाव्यात. चोरीच्या गाडीला चावी करून देणारा पोलिसांच्या चौकशीत सापडतो, आणि मग ‘मला ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करायला त्या वहीशिवाय दुसरा आधार नसतो. ज्याच्या हाताने कोणतेही कुलूप उघडते त्याच्यावर लोकांचा विश्वास हवा. ते कौशल्य त्याच्याकडे अमानत आहे.

गाडी घेणाऱ्यांनी सौदा ठरण्यापूर्वी एवढेच विचारावे की चाव्या किती आहेत. विकणाऱ्यांनी त्याचे खरे उत्तर द्यावे. आणि ज्यांच्याकडे आज एकच चावी आहे, त्यांनी ती हरवण्याची वाट न पाहता याच आठवड्यात कागदपत्रे घेऊन दुसरी करून घ्यावी.