जन्मतः अवरुद्ध मार्ग

मातेच्या उदरात असताना अर्भकाला अन्न पचवावे लागत नाही. प्राणवायू आणि पोषक द्रव्ये त्याला नाळेतून मिळतात. त्याज्य द्रव्ये त्याच वाटेने मातेच्या रक्तात परत जातात. त्यामुळे अन्ननलिका मध्येच खंडित असली, आतडे पीळ पडण्याजोगे लोंबकळत असले, किंवा गुदद्वार मुळीच तयार झालेले नसले, तरी गर्भाची वाढ पुष्कळदा अडत नाही. पूर्ण दिवसांचे, मोठ्याने रडणारे मूल जन्माला येते. नाळ कापली जाताच मात्र हा आश्रय संपतो आणि तोवर निरुपद्रवी असलेला दोष प्राणघातक ठरतो. बालशल्यचिकित्सकाकडे येणाऱ्या व्याधींमध्ये पचनमार्गाच्या अशा जन्मजात दोषांना विशेष स्थान आहे. त्यांपैकी बहुतेक शस्त्रक्रियेने दूर करता येतात. परंतु त्यासाठी मिळणारा अवधी मोजका असतो. मूल प्रथम कोणाच्या हाती पडले आणि त्या व्यक्तीने काय पाहिले, यावर त्या अवधीतील किती काळ शल्यचिकित्सकाच्या वाट्याला येईल हे ठरते.

आरंभ अन्ननलिकेपासून करता येईल. गर्भधारणेनंतर सुमारे चौथ्या आठवड्यात आद्य अन्नमार्गाचे दोन भाग होऊ लागतात. पुढच्या भागापासून श्वासनलिका बनते व मागच्या भागापासून अन्ननलिका. ही विभागणी सदोष झाली तर अन्ननलिकेचे दोन तुकडे पडतात. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, म्हणजे शंभरातील सुमारे ८५ रुग्णांत, वरचा तुकडा थैलीसारखा बंद असतो आणि खालचा श्वासनलिकेला जोडलेला असतो. सुमारे ३,००० ते ४,५०० जन्मांमागे एका अर्भकात अन्ननलिकेचा हा दोष असतो. अशा बालकाला स्वतःची लाळही गिळता येत नाही. ती फेसाळून तोंडातून सतत वाहत राहते. पहिला घोट, मग तो दुधाचा असो, मधाचा असो वा घुटीचा असो, थैली भरून श्वासनलिकेत उतरतो आणि मूल गुदमरून निळे पडते. त्याच वेळी जठरातील आम्ल खालच्या तुकड्यातून फुप्फुसात चढत असते. म्हणून फेसाळ लाळ दिसताच, काहीही पाजण्यापूर्वी, तोंडातून जठरात नळी घालून पाहावयाची असते. ती दहा सेंटिमीटरच्या आसपास अडली, तर निदान बव्हंशी झालेच असे समजावे.

टॉमस गिब्सन या इंग्रज वैद्याने या दोषाचे वर्णन १६९७ मध्येच केले होते. तरीही अशी बालके वाचू लागण्यास १९३९ साल उजाडावे लागले, आणि दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत सांधण्यात अमेरिकेतील मिशिगन येथे कॅमेरॉन हाइट यांना यश आले ते १९४१ मध्ये. पुढे १९६२ मध्ये लंडनच्या डेव्हिड वॉटर्स्टन यांनी कोणते बालक वाचण्याची शक्यता किती हे ठरविण्यासाठी तीन निकष मांडले: जन्माच्या वेळचे वजन, सोबतचे इतर दोष आणि न्यूमोनिया. यांपैकी पहिले दोन जन्मानंतर कोणालाही बदलता येत नाहीत. तिसरा मात्र बऱ्याच अंशी टाळता येतो, आणि तो टाळणे हे शल्यचिकित्सकाच्या नव्हे, तर बालकाला प्रथम हाताळणाऱ्याच्या हाती असते.

अन्ननलिकेकडून आतड्याकडे वळल्यास काळाचे बंधन अधिकच कडक होते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचे आतडे इतके झपाट्याने लांबते की ते पोटात मावत नाही व नाळेच्या मुळाशी बाहेर सरकते. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते परत फिरते. या साऱ्या प्रवासात ते आपल्या मुख्य रोहिणीभोवती २७० अंशांचे वळण घेते आणि मग पोटाच्या मागील भिंतीशी रुंद पायावर स्थिर होते. हे वळण अपुरे राहिले तर सारे आतडे एका अरुंद देठावर लोंबकळत राहते. त्या देठाला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडे मृत होऊ लागते. याची सूचना देणारे लक्षण एकच, पण निःसंदिग्ध आहे: हिरवी उलटी. नवजात बालकाची उलटी हिरवी असेल, तर पित्त जेथे आतड्यात उतरते त्याच्या खाली मार्ग अडला आहे असेच धरून चालावे लागते. आणखी एक उलटी बाळ तीन ते सहा आठवड्यांचे झाल्यावर सुरू होते. ती वेगाने दूर फेकली जाते आणि तिच्यात पांढरे, फाटलेले दूध असते. जठराच्या मुखाशी स्नायू जाड झाल्याने ती होते. तिच्या बाबतीत शरीरातील पाणी व क्षार भरून काढण्यास सवड मिळते. हिरव्या उलटीच्या बाबतीत अशी सवड नसते. पीळ उलट दिशेने सोडवून आतड्याचा पाया रुंद करण्याची जी पद्धत बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडली, तीच आजही अनुसरली जाते. परंतु मृत झालेले आतडे ती जिवंत करू शकत नाही.

पचनमार्गाच्या अंतिम टोकाचे दोष शोधण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बालकात गुदद्वार आपल्या जागी नसते. मुलींमध्ये पुष्कळदा मल योनिमुखाजवळील लहानशा छिद्रातून बाहेर पडतो. दुपटे मळलेले दिसते, घरच्यांचे समाधान होते आणि दोष कित्येक महिने ध्यानात येत नाही. जन्मल्यावर बाळाला पुसतानाच त्या जागी नीट पाहिले, तर हा विलंब टळतो. मेक्सिकोतील अल्बर्टो पेन्या आणि पीटर डी व्ह्रीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मागून, अगदी मध्यरेषेवर छेद घेऊन स्नायूंची रचना डोळ्यांदेखत जुळविली जाते. मलविसर्जनावर ताबा येण्यासाठी हे स्नायू फार मोलाचे असतात.

गुदद्वार योग्य जागी असूनही मल अडू शकतो. आतड्याची हालचाल घडविणाऱ्या चेतापेशी गर्भावस्थेत वरून खाली सरकत जातात. त्या टोकापर्यंत पोचल्या नाहीत तर खालचा भाग आकुंचित राहतो आणि त्याच्या वरचे आतडे फुगते. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या व्याधीची माहिती दिली, तेव्हा फुगलेला भागच रोगट आहे असे वाटले होते. दोष वस्तुतः खालच्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या भागात आहे हे कळण्यास दीर्घ काळ लागला. तो भाग काढून टाकून निरोगी आतडे खाली आणण्याची ऑर्व्हार स्वेन्सन यांची शस्त्रक्रिया १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. या व्याधीची पहिली खूणही साधीच आहे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली काळपट, चिकट शी बहुधा २४ तासांच्या आत होते. ती न होणे ही नोंद करून ठेवण्याची आणि डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे.

याहून फसवी व्याधी पित्तनलिकेची. नवजात बाळाला कावीळ होणे ही नित्याची गोष्ट असल्याने घरच्यांना ती चिंतेची वाटत नाही. परंतु कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शी पांढरट, शाडूच्या मातीसारखी होऊ लागली, तर पित्त आतड्यात उतरत नाही असा त्याचा अर्थ होतो. नष्ट झालेल्या पित्तनलिका काढून आतडे थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया जपानमधील सेंदाई येथील मोरिओ कासाई यांनी १९५० नंतरच्या दशकात विकसित केली. ती साधारणपणे साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. उशीर झाल्यास यकृत निबर होत जाते आणि अखेर यकृतरोपणावाचून इलाज उरत नाही. भारतातील बालकावरचे पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले, ते याच व्याधीसाठी. तैवानने मात्र प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. तेथे २००४ पासून बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांची एक चित्रपत्रिका घातली जाते. घरीच ताडून पाहणाऱ्या मातांमुळे बालके अगोदर रुग्णालयात येऊ लागली.

निदान झाल्यावरही बालक शल्यचिकित्सकापर्यंत सुखरूप पोचले पाहिजे. तीन किलो वजनाच्या अर्भकाच्या शरीरात सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर रक्त असते. त्यातले दोन-तीन चमचेही व्यर्थ जाऊन चालत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असल्याने ते चटकन गार पडते, आणि गारठलेले बालक भूल व शस्त्रक्रिया नीट सोसू शकत नाही. म्हणून प्रवासात त्याला उबदार ठेवणे, तोंडाने काही न देणे आणि नळीवाटे साचलेला द्रव काढत राहणे, या तीन गोष्टी अत्यावश्यक होत.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात शंभरातील सुमारे ८९ प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्यकेंद्रांत झाल्या. लाळ, उलटी, गुदद्वार व पहिली शी यांकडे पाहण्याचे काम तेथील परिचारिकेकडे आले आहे. पित्तनलिकेच्या व्याधीची खूण मात्र बाळ घरी गेल्यावरच प्रकट होते. २०११ पासूनच्या गृहाधारित नवजात शिशुसेवेत आशा कार्यकर्तीने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे अशी योजना आहे. बाळाची शी कोणत्या रंगाची होते, हा प्रश्न विचारण्यास तिला क्षणभरही लागत नाही. शेवटच्या भेटीतही तो विचारला गेला, तर साठाव्या दिवसाला अजून अठरा दिवस बाकी असतात.