जुन्या पुस्तकांतले अंतराळ

मराठी विज्ञानकथेची सुरुवात थेट अंतराळातच झाली. 'केरळ कोकिळ' मासिकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत आणली. पुढे भा. रा. भागवतांनी 'मुक्काम शेंडेनक्षत्र' लिहून व्हर्न मुलांच्या हाती दिला. नारायण धारप भयकथांसाठी गाजले. त्यांच्या विज्ञान कादंबऱ्या, उदाहरणार्थ 'नेनचिम', मागे पडल्या. हा अन्यायच. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. आद्याक्षरे उलटी वाचली की खरा लेखक सापडतो! कथेला पहिले बक्षीस मिळाले. नागपुरात सीताबर्डीला जुनी पुस्तके चाळताना धारपांची विज्ञान कादंबरी दिसली, तर सोडू नका.