स्वतःच थांबणारा मका

टेक्सासमध्ये ओक आणि मेस्कीटच्या झाडांत हरणांसाठी मका ठेवण्याची एक घरगुती सोय असते. चार इंची पीव्हीसी पाइप झाडाला उभा बांधायचा, खाली वाय आकाराचा जोड बसवायचा, वरून सुका मका ओतायचा आणि झाकण लावायचं. मोटर नाही, बॅटरी नाही. तरी हे यंत्र स्वयंचलित आहे. मका जोडाच्या तोंडाशी येऊन थांबतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाने चार घास घेतले की तेवढाच आणखी खाली सरकतो.

पाइपात पाणी असतं तर एका दमात वाहून गेलं असतं. मका का थांबतो? दाणे एकमेकांना घासतात, त्यामुळे त्यांचा ढीग एका ठरावीक उतारावर टिकून राहतो. सुक्या मक्याचा हा उतार साधारण वीस-पंचवीस अंशांचा. तोंडाशी तो साधला की वरचा दाणा घसरत नाही. झडपेचं काम खुद्द मकाच करतो!

पाइपाच्या आत तर याहून मोठं नवल चाललेलं असतं. मका कितीही उंच भरा, तळावरचा दाब एका मर्यादेनंतर जवळजवळ वाढतच नाही. दाणे एकमेकांना बाजूला रेटतात, ते रेटणं पाइपाच्या भिंतीवर येतं आणि घर्षणाच्या जोरावर भिंतच बराचसा भार तोलून धरते. यान्सेन या जर्मन अभियंत्याने 1895 मध्ये धान्याच्या कोठारांसाठी याचं गणित मांडलं. भोकातून पडणाऱ्या धान्याचा वेगही वरच्या साठ्यावर फारसा अवलंबून नसतो. वाळूचं घड्याळ चालतं ते याच आधारावर.

मग वेग ठरतो कशाने? भोकाने. नेदरलँड्समध्ये बेव्हरलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिया भोकांतून पाडून 1961 मध्ये सूत्र दिलं. भोकाचा व्यास दुप्पट केला तर धान्य साडेपाच पटींहूनही जास्त सुटतं. उलट भोक दाण्याच्या मानाने लहान पडलं, तर चार-सहा दाणे एकमेकांना टेकून कमान बांधतात आणि प्रवाह जागच्या जागी ठप्प होतो. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्याला हे सूत्र न शिकता येतं: बोटं जराशी सैल झाली तरी बी भसाभस सुटतं.

जरा मोठा घाट घालणारे लोक 55 गॅलनचं, म्हणजे सुमारे दोनशे लिटरचं पिंप तीन पायांवर उभं करतात. तळाशी नरसाळं, त्याखाली थोडी फट सोडून मोटरवर फिरणारी तबकडी, शेजारी टायमर, बॅटरी आणि जमलं तर छोटं सौर पॅनल. तबकडी स्थिर असताना तिच्यावर मक्याचा ढीग बसतो आणि नरसाळ्याचं तोंड बंद करतो, म्हणजे पुन्हा तोच उतार. पहाटे आणि तिन्हीसांजेला, हरणं बाहेर पडतात त्या वेळी, मोटर काही सेकंद फिरते आणि मका चहूकडे उधळला जातो. टायमरला वजन कळत नाही, फक्त सेकंद कळतात. पण वेग जवळपास सारखा राहत असल्याने तेवढ्यावरच मक्याचं माप साधतं, पिंप भरलेलं असो की अर्धं. मला या जुळणीचं फार कौतुक वाटतं.

ते काही सेकंद मात्र हरणाचं पोट पाहून ठरवायला हवेत. हरणाच्या पोटाचे चार कप्पे. पहिल्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात आणि पाला, कोवळ्या डहाळ्या तेच पचवतात. कडक थंडीत डहाळ्यांवर जगणाऱ्या हरणापुढे एकदम ढीगभर मका आला, तर पिष्टावर वाढणारे जिवाणू माजतात, पोटात आम्ल साचतं आणि भरल्या पोटी हरीण मरू शकतं. सूक्ष्मजीवांची घडी नव्या अन्नाशी जुळायला आठवडे लागतात.

दुसरा धोका जमावाचा. 1967 मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये प्रथम दिसलेला एक रोग मेंदू पोखरतो, त्याला इलाज नाही. तो पसरवणारी विकृत प्रथिनं लाळेतून आणि मलमूत्रातून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हा रोग असेल तिथे एकाच तोंडाशी अनेक हरणांच्या जिभा लागणारा पाइप घातक ठरतो; तबकडी मका पसरून टाकत असली तरी हरणं त्याच मातीवर पुन्हा पुन्हा गोळा होतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी हरणांना खाऊ घालण्यावर बंदी आहे आणि ती मला पूर्ण पटते. तिथे हरणं जवळ यावीत असं ज्याला वाटतं त्याने ओक लावावा. त्याची फळं हरणांना फार आवडतात, आणि ती झाडाच्या साऱ्या घेराखाली विखरून पडतात.