गाणं स्वतःचं, रेडिओ सरकारचा : खंडव्याच्या किशोरकुमारांचा धडा

बुऱ्हाणपूर : स्वतः लिहायचं, चाल लावायची आणि स्वतःच गायचं, अशांना आता 'इंडिपेंडंट' गायक म्हणतात. आपल्या शेजारच्या खंडव्यात ४ ऑगस्ट १९२९ रोजी जन्मलेल्या किशोरकुमारांनी हे १९६४ मध्येच केलं होतं. 'दूर गगन की छांव में' या चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक, नायक आणि संगीतकार तेच. त्यातलं 'आ चल के तुझे' हे गाणं तर लिहिलंही त्यांनीच.

पण १९७६ मध्ये, आणीबाणीत, सरकारी प्रचाराला सहकार्य केलं नाही म्हणून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद करण्यात आली. तेव्हा खासगी रेडिओ किंवा वाहिन्या नव्हत्याच. त्यामुळे एका आदेशाने एवढा मोठा आवाज घराघरांतून बंद झाला. पुढे शहा आयोगाच्या अहवालात ही कारवाई नोंदली गेली.

मराठी रसिकांना 'गंमत जंमत'मधलं त्यांचं 'अश्विनी ये ना' आठवत असेल. ते साल १९८७. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला मुंबईत त्यांचं निधन झालं, अंत्यसंस्कार मात्र खंडव्यात झाले.

आज मोबाईलवर गाणी टाकणाऱ्या आपल्या पोरांनीही हे ध्यानात ठेवावं : गाणं आपलं असलं, तरी ते लोकांपर्यंत नेणारं साधन दुसऱ्याच्या हातात असतं.