बटाट्यात तेल आलं कुठून?

थांब, थांब! वेफर्सचं ते रिकामं पाकीट कचऱ्यात टाकू नकोस. आधी उलटं कर बघू. मागे बारीक अक्षरांचा एक तक्ता दिसतोय? खरी गंमत तिथेच आहे!

तक्त्यात ‘१०० ग्रॅममध्ये’ असा रकाना शोध. आता ‘फॅट’ची ओळ बघ. फॅट म्हणजे आपलं तेल-तूप. बटाट्याच्या साध्या खारवलेल्या वेफर्सवर इथे बहुतेक वेळा ३३ ते ३५ ग्रॅम असा आकडा असतो. म्हणजे पाकिटातला तिसरा हिस्सा चक्क तेल!

आता स्वयंपाकघरातून एक बटाटा आण. १०० ग्रॅम बटाट्यात तेल किती असेल? ओळख! दहा ग्रॅम? पाच? अंहं! एक ग्रॅमसुद्धा नाही! त्यात पाऊण भागापेक्षा जास्त नुसतं पाणीच भरलेलं असतं.

खोटं वाटतंय? मग जुन्या वहीचं एक पान घे. एका कोपऱ्यात कच्च्या बटाट्याची चकती घास. दुसऱ्या कोपऱ्यात एक वेफर चुरड. दोन्हीकडे डाग पडतील. पान वाळू दे आणि मग उजेडासमोर धर. बटाट्याचा ओलावा केव्हाच उडून गेलेला असेल. वेफरचा डाग मात्र तसाच राहील, आणि तिथून उजेड आरपार दिसेल! ते तेल. ते कुठे उडून जात नाही.

मग हे तेल बटाट्यात शिरलं कधी? ‘कढईत, आणखी कधी!’ असंच म्हणशील ना?

पण शास्त्रज्ञांनी नीट तपासलं, तर उत्तर भलतंच निघालं. बरंचसं तेल आत शिरतं ते वेफर कढईतून बाहेर काढल्यावर!

कसं ते सांगते. चकती कढईत पडली की चर्रर्र आवाज होतो आणि बुडबुडेच बुडबुडे येतात. ते बुडबुडे तेलाचे नसतात. ती असते बटाट्यातल्या पाण्याची वाफ! मधल्या सुट्टीची घंटा झाली की वर्गातून मुलांचा लोंढा बाहेर पडतो. तेव्हा त्याच दारातून आत शिरून दाखव बरं! तेलाचंही तसंच होतं. वाफ जोरात बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत जायला वावच नसतो.

मग झारा वेफर उचलतो. वेफर गार होऊ लागतो. आत उरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. पाण्याला वाफेपेक्षा कितीतरी कमी जागा लागते. त्यामुळे वेफरच्या बारीक बारीक छिद्रांत पोकळी तयार होते, आणि अंगाला चिकटलेलं तेल सुर्रकन आत ओढलं जातं! म्हणून तर तळण काढताना झारा कढईच्या काठावर धरून तेल निथळू देतात. तेसुद्धा गरम असतानाच!

हे कळलं की पाकिटांची तुलना करायला मजा येते. तेल बाहेरून येतं ना? मग चकती जितकी पातळ, तितकी वजनाच्या मानाने तेलाला चिकटायला जागा जास्त. जाड कापांत तेल थोडं कमी भरतं. बेक केलेल्या वेफर्सना तर कढईत उडी मारावीच लागत नाही. त्यांचा फॅटचा आकडा बराच खाली असतो.

आणि केळ्याचे वेफर्स? फळाचे आहेत म्हणून हलके समजू नकोस हं! तेही तेलातच तळलेले असतात. त्यांचा आकडा बटाट्याच्या आकड्याच्या अगदी शेजारी जाऊन बसतो.

काही पाकिटांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘कोलेस्टेरॉल शून्य!’ पण कोलेस्टेरॉल असतं अंडी, मांस, दूध, तूप अशा प्राण्यांकडून मिळणाऱ्या पदार्थांत. बटाट्यात आणि वनस्पतींच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. मग यात विशेष ते काय? ही तर ‘आमच्या केळ्यात हाड नाही’ अशी जाहिरात झाली!

मीठ मात्र तक्त्यात नाव बदलून बसतं. त्याची ओळ ‘सोडियम’ नावाने शोध. त्या आकड्याला अडीचने गुण, की आलं मीठ! समजा, ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. म्हणजे २००० मिलिग्रॅम, अर्थात २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसांनीसुद्धा दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. मुलांनी त्याहूनही कमी. एकाच कंपनीचे साधे आणि मसाला वेफर्स शेजारी ठेवून ही ओळ वाच. पुष्कळदा फरक इथेच सापडतो.

आणि आता सगळ्यांत मोठा धक्का! भाजलेल्या शेंगदाण्यांचं पाकीट बघ. १०० ग्रॅममध्ये फॅट जवळजवळ ५० ग्रॅम! वेफर्सपेक्षाही जास्त! मग शेंगदाणे वाईट का? छे! प्रथिनांची ओळ वाच. शेंगदाण्यांत ती साधारण २५ ग्रॅम असतात, वेफर्समध्ये जेमतेम ६-७. शिवाय शेंगदाण्याचं तेल त्याचं स्वतःचं, दाण्यातच तयार झालेलं. कढईतून उसनं आणलेलं नाही!

तर आज घरातली सगळी खाऊची पाकिटं गोळा कर. शेव, चिवडा, बिस्किटं, काहीही चालेल. फॅट, सोडियम आणि प्रथिनं, या तीन ओळी वहीत उतरवून घे. पण सगळे आकडे १०० ग्रॅमच्याच रकान्यातले हवेत. ‘एका वेळच्या खाण्याचा’ रकाना प्रत्येक कंपनी वेगळ्या वजनाचा धरू शकते. सगळ्यांत जास्त सोडियम कुणाचं निघालं, ते आम्हाला नक्की लिहून कळव!